निदान यंत्राचे, जबाबदारी कोणाची?

फेब्रुवारी २०२६ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची जागतिक परिषद भरली, तेव्हा राजधानीतील वाहतुकीपासून वृत्तपत्रांच्या रकान्यांपर्यंत सारे काही तिने व्यापले होते. अशा सोहळ्यांतून घोषणा होतात, छायाचित्रे निघतात आणि करारांचे आकडे जाहीर होतात. तथापि सरकारी रुग्णालयात येणाऱ्या सामान्य रुग्णाच्या वाट्याला या तंत्रज्ञानातून नेमके काय येणार, याचा निकाल बहुधा त्या भव्य मंडपात लागत नाही. तो लागतो साठ-सत्तर माणसांच्या छोट्या परिषदांत. लोदी रस्त्यावरील एखाद्या संस्थेचे सभागृह, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील व्याख्यानकक्ष किंवा मंत्रालयाशी संलग्न कार्यालयाची बैठकीची खोली ही त्यांची ठिकाणे. आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर अशा परिषदांचा गेल्या दोन-तीन वर्षांत राजधानीत जणू हंगामच सुरू आहे. निविदेत कोणत्या अटी येणार, कोणत्या जिल्ह्यांत प्रयोग होणार आणि यशाची व्याख्या काय असणार, याची पहिली टाचणे याच खोल्यांत तयार होतात. म्हणूनच त्या खोल्यांत कोण बसते आणि कोण बसत नाही, याकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.

या परिषदांचे स्वरूप आता ठरून गेले आहे. एका बाजूला संगणकशास्त्रज्ञ आणि नवउद्योजक, दुसऱ्या बाजूला मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञ डॉक्टर, मध्ये मंत्रालयाचे संचालक-उपसचिव आणि देणगीदार संस्थांचे प्रतिनिधी. पडद्यावर अचूकतेची टक्केवारी झळकते. ती सहसा नव्वदीच्या पुढे असते. भोजनोत्तर सत्रात एखाद्या राज्यातून आलेला अधिकारी हळूच विचारतो की, यंत्राने ज्याला संशयित ठरवले त्या माणसाचे पुढे काय होते? या प्रश्नाला उत्तर मिळत नाही असे नव्हे. पण ते बहुधा चहाच्या वेळेवर ढकलले जाते. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशा स्वयंसेविका यांच्यापैकी कोणी त्या खोलीत नसते. त्यांच्या कामाविषयी मात्र दिवसभर चर्चा चाललेली असते.

परिषदांतील भाकितांचे काय होते, याचे एक उदाहरण आता प्रसिद्ध आहे. या शास्त्राचे एक जनक मानले जाणारे जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये टोरांटो येथील एका परिषदेत असे सांगितले होते की, क्ष-किरण तज्ज्ञ घडवणे आता थांबवावे. पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस काम करू लागेल. हिंटन यांना २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भाकीत मात्र खरे ठरले नाही. क्ष-किरण तज्ज्ञांची गरज जगभर कायम आहे. यंत्र प्रतिमा ओळखण्यात कमी पडले, हे त्याचे मुख्य कारण नव्हे. प्रतिमा ओळखणे हा वैद्यकीय कामाचा एक तुकडा आहे आणि उरलेले काम माणसांवर, औषधांवर व व्यवस्थेवर अवलंबून असते, एवढेच या दहा वर्षांत पुन्हा दिसून आले.

भारतात हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते क्षयरोगात. छातीचे क्ष-किरण चित्र वाचून क्षयाची शक्यता सांगणारी संगणकीय प्रणाली ही काही हवेतील गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या छाननीसाठी तिला मान्यता दिली. त्याच वर्षी ढाका येथील सुमारे २४ हजार व्यक्तींच्या चित्रांवर आधारित एक अभ्यास 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वेगवेगळ्या प्रणालींची परीक्षा घेण्यात आली आणि पाचही प्रणाली तेथील क्ष-किरण तज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. अशा प्रणाली घडविणाऱ्या कंपन्यांपैकी एक मुंबईतीलच आहे. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रे आणि त्यांना जोडलेली ही प्रणाली गावोगावी पोहोचली. जिथे क्ष-किरण तज्ज्ञ वर्षानुवर्षे फिरकत नाही, तिथे चित्र वाचणारे काहीतरी पोहोचले, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. या तंत्रज्ञानाला सरसकट विरोध करणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवे.

प्रश्न वेगळा आहे, आणि तो छोट्या परिषदांत क्वचितच नीट मांडला जातो. बहुतेक प्रणाली 'क्षय आहे' किंवा 'क्षय नाही' असा निकाल देत नाहीत. त्या एक गुण देतात, समजा शून्य ते शंभर यांमधील एक आकडा. कितीच्या वर गेल्यास त्या माणसाला थुंकीच्या तपासणीसाठी पाठवायचे, हा उंबरठा कोणीतरी ठरवावा लागतो. एक हिशेब करून पाहावा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. एका जिल्ह्यात एक लाख लोकांची छाननी झाली आणि त्यांत पाचशे खरे रुग्ण आहेत असे धरू. उंबरठा खाली ठेवला आणि यंत्राने शंभरातील नव्वद रुग्ण पकडले, पण शंभर निरोग्यांपैकी वीस जणांनाही संशयित ठरवले, तर ४५० रुग्ण सापडतील, ५० निसटतील आणि १९,९०० निरोगी माणसांनाही पुढील तपासणीस बोलवावे लागेल. उंबरठा वर नेला आणि निरोग्यांपैकी पाच टक्केच संशयित ठरू लागले, पण रुग्ण पकडण्याचे प्रमाण पंच्याहत्तर टक्क्यांवर आले, तर तपासणीस बोलवायच्या माणसांची संख्या २०,३५० वरून ५,३५० वर येईल. म्हणजे १५ हजार तपासण्या वाचल्या. त्याच वेळी आणखी ७५ रुग्ण 'आपल्याला काही झालेले नाही' अशा समजुतीने घरी गेले आणि पुढील काही महिने घरातल्या मुलांशेजारी खोकत राहिले.

या दोहोंपैकी काय पत्करायचे हा संगणकशास्त्राचा प्रश्न नाही. तो पैशाचा आणि प्राधान्यक्रमाचा, अर्थात राजकारणाचा प्रश्न आहे. जिल्ह्यात थुंकीच्या रेणवीय तपासणीची यंत्रे किती, त्यांत घालायच्या काडतुसांचा साठा किती, प्रयोगशाळा तंत्रज्ञांची किती पदे भरलेली, यावर उंबरठा ठरतो किंवा ठरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रत्येक ठिकाणच्या परिस्थितीनुसार तो तपासून घ्यावा असेच सांगितले आहे. ढाक्याच्या अभ्यासातही वयस्क माणसे आणि पूर्वी क्षय होऊन गेलेली माणसे यांच्या बाबतीत प्रणालींची कामगिरी घसरलेली दिसली. म्हणजे एकच उंबरठा सर्व जिल्ह्यांना आणि सर्व वयोगटांना लावणे चूक आहे. परिषदेच्या पडद्यावर मात्र हा आकडा जणू यंत्राबरोबर कारखान्यातूनच आला आहे अशा थाटात मांडला जातो. सरकारी कामकाजात साध्या खुर्च्यांच्या खरेदीलाही टिप्पणी लागते, मंजुरी लागते, खाली सही लागते. किती रुग्ण निसटू द्यायचे हे ठरविणाऱ्या आकड्याखाली कोणाची सही आहे, हे विचारले तर बहुतेक ठिकाणी फाइलच सापडणार नाही.

आणि समजा रुग्ण सापडला. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा केंद्रीय पुरवठा विस्कळीत झाला आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. अनेक ठिकाणी रुग्णांना अर्धवट मात्रा घेऊन परतावे लागले. क्षयात उपचार खंडित होणे म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूला आमंत्रण, हे सांगायला यंत्राची गरज नाही. २०२५ पर्यंत क्षयरोग हद्दपार करण्याचे जे लक्ष्य देशाने स्वतःपुढे ठेवले होते, ते वर्षही उलटून गेले. शोधणारे हात वाढले, पण देणारे हात रिकामे राहिले तर मोहिमेच्या अहवालात छाननीचा आकडा फुगतो आणि गावात अविश्वास वाढतो.

येथे महाराष्ट्रातील एका जुन्या प्रयोगाची आठवण अप्रस्तुत ठरू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी श्वास मोजण्याचे एक साधन तयार केले होते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने बसवलेले मणी. बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचले तर न्यूमोनिया. हीदेखील निदानाची यांत्रिक पद्धतच होती आणि तिलाही उंबरठा होता. फरक एवढाच की तो उंबरठा लाल रंगात, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. दोन महिन्यांखालील बाळासाठी वेगळा आणि त्यावरील बाळासाठी वेगळा होता. आणि न्यूमोनिया ठरल्यावर द्यायचे औषध गावातल्या गावात त्याच कार्यकर्त्यांच्या हाती होते. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या पुढील प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात आले आणि पुढे आशांच्या मार्फत तो कार्यक्रम देशभर नेण्यात आला. राजधानीतील परिषदांत गडचिरोलीचे नाव आदराने घेतले जाते. तिथला क्रम, म्हणजे आधी औषध आणि माणूस, मग मोजण्याचे साधन, हा मात्र कोणी उचललेला दिसत नाही.

उलट क्रमाने गेल्यास काय होते याचे दाखले परदेशांतही आहेत. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी गुगलची प्रणाली घडविण्यात मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालय या रुग्णालयांतील चित्रांचा उपयोग झाला होता. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये गाजले. हीच प्रणाली थायलंडमधील ११ चिकित्सालयांत नेण्यात आली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत परिचारिकांनी काढलेल्या १,८३८ प्रतिमांपैकी ३९३ प्रतिमा यंत्राने वाचण्यासच नकार दिला. खोलीत पुरेसा काळोख नव्हता, इंटरनेट संथ होते, रांग लांब होती. ज्यांची प्रतिमा नाकारली गेली त्यांना, डोळे कदाचित ठणठणीत असतानाही, दूरच्या रुग्णालयात जाण्यास सांगितले गेले. कंपनीच्याच संशोधकांनी हे २०२० मध्ये प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले, ही त्यातील समाधानाची बाब. भारतातील किती प्रयोगांच्या अपयशाची अशी नोंद उपलब्ध आहे?

अमेरिकेतील उदाहरण त्याहून बोलके आहे. कोणत्या रुग्णांना जादा देखभालीची गरज आहे हे ठरविणारी एक प्रणाली तेथे लक्षावधी लोकांसाठी वापरली जात होती. तिने आजाराचे मोजमाप म्हणून उपचारांवर झालेला खर्च धरला. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असल्याने ते कमी आजारी ठरले. ही चूक सुधारल्यास जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे २०१९ मध्ये 'सायन्स'मधील अभ्यासाने दाखवून दिले. आपल्याकडे विमा योजनांच्या दाव्यांचा साठा वेगाने वाढतो आहे आणि त्यावर यंत्रे शिकवण्याची भाषा परिषदांत उत्साहाने केली जाते. दाव्यांत नोंद होते ती रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या माणसाची. मेळघाट किंवा बस्तरमधला जो पोहोचलाच नाही, तो त्या साठ्यात निरोगी म्हणूनच गणला जाईल.

आता उत्तरदायित्वाकडे वळू. केंद्राने १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाच्या संगणकप्रणालींना वैद्यकीय उपकरणांच्या कक्षेत आणले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्च २०२३ मध्ये या विषयावर नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती वाचनीय आहेत, परंतु तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, अशा रुग्णालयांना त्यातून वगळले. याचा अर्थ असा की, यंत्राने चुकीचे निदान केले तर पंचतारांकित रुग्णालयातील रुग्ण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे असे सांगितले जाते, तो प्राथमिक आरोग्य केंद्रातील रुग्ण जाऊ शकत नाही. त्याला दिवाणी दावा किंवा रिट याचिका हे मार्ग उरतात. ते त्याला कितपत परवडतात, हे दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. प्रत्यक्षात अशा वेळी नोटीस निघते ती वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा परिचारिकेला. प्रणाली पुरवणाऱ्याच्या करारात जबाबदारी नाकारणारे कलम आधीच असते.

यातील केंद्र-राज्य संबंधांचा पदर अधिक नाजूक आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय. पैसा आणि तंत्रज्ञानाचा पुढाकार मात्र केंद्राकडे आहे. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कृत्रिम बुद्धिमत्ता मोहिमेची तरतूद १० हजार ३७१ कोटींहून अधिक आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तीन उत्कृष्टता केंद्रांसाठी ९९० कोटी आहेत आणि त्यांपैकी आरोग्याचे केंद्र 'एम्स' व दिल्ली आयआयटीकडे आहे. या रकमांना आक्षेप नाही. पण यंत्र दिल्लीतून पाठवले जाते आणि त्याने वाढवलेले काम राज्याच्या तिजोरीतून पगार घेणाऱ्या, किंवा मानधनावर राबणाऱ्या, माणसांच्या गळ्यात पडते. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारने दिलेले मोबाइल परत केले, ते त्या निकृष्ट यंत्रांना आणि इंग्रजीतून माहिती भरण्याच्या सक्तीला कंटाळून. हरियाणातील आशांनीही त्याच वर्षी त्यांच्यावर पाळत ठेवणारे अॅप घेण्यास नकार दिला. या दोन्ही घटनांकडे तंत्रज्ञानाला विरोध म्हणून पाहिले गेले. वास्तविक तो कामाच्या वाटणीविषयीचा, पूर्णपणे व्यवहार्य असा शेरा होता.

भाषेचा मुद्दा परिषदांत शेवटच्या पाच मिनिटांत येतो आणि 'अनुवादाची सोय आहे' एवढ्या उत्तरावर संपतो. दिल्लीच्या करोलबागेत सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून पिढ्यान्पिढ्या येत आहेत. आम्लाच्या धुरात वर्षे काढलेल्या अशा माणसाच्या छातीचे चित्र यंत्रापुढे गेले तर ते त्याला काय ठरवील, हा प्रश्न त्याच्या व्यवसायाची नोंद घेतल्याशिवाय सुटणारा नाही. डॉक्टरपुढे बसल्यावर तो काय सांगेल? छातीत कळ येते, चमक भरते, ठणका लागतो, धाप लागते, अंगात कणकण आहे. यांतील प्रत्येक शब्दाचा वैद्यकीय अर्थ वेगळा. कळ आणि ठणका या दोहोंसाठी हिंदीत 'दर्द' आणि इंग्रजीत 'पेन' एवढेच उरले, तर यंत्राने माहितीतला अर्धा भाग ऐकलाच नाही असे होईल. ईश्वरपूरचा डॉक्टर हे ऐकून पुढचा प्रश्न विचारतो. चौदा अंकी आरोग्य क्रमांकामुळे या माणसाचे सांगलीतील कागद दिल्लीत दिसू लागतील, ही खरोखर उपयोगाची गोष्ट आहे, विशेषतः परगावी राहणाऱ्यांसाठी. पण कागद दिसणे आणि म्हणणे कळणे यांत अंतर आहे. कागद दिसतीलच याचीही खात्री धरता येत नाही: २३ नोव्हेंबर २०२२ रोजी 'एम्स'च्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातील हे अग्रगण्य सरकारी रुग्णालय सुमारे दोन आठवडे हाताने लिहिलेल्या कागदांवर चालले. तेव्हा ते चालू शकले, कारण हाताने काम करणे जाणणारी माणसे अजून तेथे होती.

तेव्हा पुढील परिषदेच्या आयोजकांकडून फार मोठी अपेक्षा नाही. पहिले सत्र अचूकतेच्या टक्केवारीला न देता एखाद्या जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याला द्यावे आणि त्याने आपल्याकडील तंत्रज्ञांची रिक्त पदे, काडतुसांचा साठा आणि औषधांचा साठा एवढेच सांगावे. त्यानंतर यंत्राचा उंबरठा किती असावा यावर उघड चर्चा व्हावी. यंत्राने किती संशयित शोधले याबरोबर त्यांपैकी कितींची तपासणी झाली आणि किती जणांचा उपचार पूर्ण झाला, हे तीन आकडे एकाच ओळीत मांडल्याखेरीज कोणत्याही कंपनीस पुढचा हप्ता देऊ नये, अशी अट निविदेत घालणे वित्त विभागाला मुळीच अवघड नाही. आणि प्रत्येक जिल्ह्यात हा उंबरठा किती आहे, तो कोणी, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे ठरवला, हे राज्यांनी आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे. पावसाळ्यात धरणांतील पाणीसाठा महाराष्ट्र रोज जाहीर करतो, आणि साताऱ्यापासून दिल्लीपर्यंतची मराठी माणसे कोयना किती टक्के भरली हे सकाळी पाहतात. त्यासाठी कोणाला जलशास्त्र शिकावे लागलेले नाही.